कर्नलमधील सुधारणा मूळ प्रकल्पाला द्याव्यात का?

प्रश्न : आमची छोटी कंपनी फ्रीबीएसडी या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारे स्टोरेज सर्व्हर बनवते. तिच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्याच्या कोडमध्ये, बदल करून आम्ही त्यांचा वेग बराच वाढवला आहे. हे बदल मूळ प्रकल्पाला द्यावेत, असे मला वाटते. पण परवान्याची सक्ती नसताना आयते काम प्रतिस्पर्ध्यांच्या हाती का द्यायचे, असा माझ्या भागीदारांचा सवाल आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : सक्ती नाही, हे आपल्या भागीदारांचे म्हणणे खरे आहे. तरीही बदल द्यावेत, आणि तेही स्वतःच्या फायद्यासाठी, असे माझे स्पष्ट मत आहे.

नेटफ्लिक्सचे व्हिडिओ ज्या सर्व्हरांवरून प्रेक्षकांकडे जातात, तेही फ्रीबीएसडीवरच चालतात. पूर्वी ‘सेंडफाइल’ (फाइल थेट नेटवर्कवर पाठवण्याची कर्नलमधील सोय) वापरताना डिस्कवरून माहिती येईपर्यंत एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची प्रक्रिया अडून राही आणि तिच्याकडील इतर ग्राहकही ताटकळत. नेटफ्लिक्स आणि एन्जिनएक्सची कंपनी यांनी मिळून यात असा बदल केला, की सेंडफाइल लगेच मोकळे होते आणि माहिती हाती येताच कर्नलच ती पुढे पाठवतो. २०१६ मध्ये हे काम फ्रीबीएसडीच्या मुख्य शाखेत, म्हणजे सर्वांच्या सामायिक मूळ कोडमध्ये, आले. पुढे टीएलएसचे (इंटरनेटवरील संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या पद्धतीचे) एन्क्रिप्शन कर्नलमध्येच करण्याची सोयही २०२१ च्या १३.० आवृत्तीत सर्वांना मिळाली. एवढे मोलाचे काम त्यांनी खुले केले, कारण स्वतःजवळ ठेवलेला प्रत्येक पॅच, म्हणजे कोडमधील बदल, मूळ कोड बदलला की पुन्हा बसवावा आणि तपासावा लागतो. मुख्य शाखेत गेलेला बदल मात्र इतरांच्या चाचण्यांतूनही जातो, आणि त्याच्या आसपासचा कोड बदलणाऱ्याला तो विचारात घ्यावाच लागतो.

आपली स्थिती थोडी वेगळी आहे, कारण आपण वेगच विकता. म्हणून केवळ आपल्या हार्डवेअरला किंवा एखाद्या ग्राहकाच्या कामाला जुळवलेले बदल खुशाल जवळ ठेवावेत. कोणत्याही सर्व्हरला उपयोगी पडतील असे बदल मात्र लहान तुकड्यांत, साध्या यंत्रावरील आधीच्या व नंतरच्या मोजमापांसह पाठवावेत. पाठवून मोकळे होऊन चालत नाही. सांभाळायला कोणी पुढे न आल्याने लिनक्स कर्नलवर चालणाऱ्या अँड्रॉइडचे ड्रायव्हर २०१० मध्ये लिनक्सच्या २.६.३३ आवृत्तीतून काढून टाकले गेले होते. तेव्हा परीक्षकांच्या शंकांना उत्तरे देण्यासाठी आणि नंतरचे दोष निस्तरण्यासाठी आपल्या एका अभियंत्याचा काही वेळ राखून ठेवा, आणि ग्राहकांशी झालेल्या करारांत या कोडचे हक्क कोणाकडे आहेत, हे पहिला पॅच पाठवण्यापूर्वीच तपासून घ्या.