नामवंतांचा फलक रंगवण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. स्मरणिकेतलं ‘आमचे नामवंत’ हे सदर तुझ्या गळ्यात पडलंय आणि प्राचार्यांना पंधरा दिवसांत वीस नावं हवी आहेत. नवीन माणूस रुजू झाला की असली कामं त्याच्याच टेबलावर सरकतात. आलंच आहे तर नीट कर.

मी हे काम एकदा केलंय आणि तोंडावर पडलोय. तालुक्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. दर्शनी भिंतीवर फलक रंगवून घेतला, सगळ्यात वर एका आमदारांचं नाव, पिवळ्या ऑइलपेंटनं ठसठशीत. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी जुन्या हेडक्लार्कनी जनरल रजिस्टर आणून माझ्यापुढे उघडं ठेवलं. साहेबांच्या नावासमोर लाल शाईत शेरा : ‘फी न भरल्याने नाव कमी’. पहिली टर्मसुद्धा पुरी नव्हती. पुसावं तर पंचाईत, ठेवावं तर पंचाईत. ठेवलं. तो फलक अजून आहे म्हणतात.

तेव्हा आधी रजिस्टर, मग आठवणी. अर्थात रजिस्टरवर नाव सापडलं म्हणजे माणूस आपला झाला, असंही नाही. गोपाळ कृष्ण गोखले कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात होते, पुण्याच्या डेक्कनमध्ये होते आणि १८८४ साली बी.ए. झाले ते मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून. तिन्ही कॉलेजं त्यांचं नाव लावतात, आणि एकही खोटं बोलत नाही. मग नावापुढे काय लिहायचं? त्या ठिकाणी त्याचं कुणाशी काय जमलं किंवा बिनसलं, ते. ते मिळत नसेल तर नाव गाळलंस तरी माझी हरकत नाही.

डेक्कन कॉलेजचंच बघ. मूळ १८२१ सालच्या हिंदू पाठशाळेचं, विश्रामबागवाड्यातलं. नदीपलीकडे येरवड्याच्या दगडी इमारतीत ते १८६८ साली गेलं. आजच्या मानानं इवलंसं कॉलेज. टिळकांनी तिथं पहिलं वर्ष तालमीत, पोहण्यात आणि नाव वल्हवण्यात घालवलं, अभ्यास बाजूला ठेवून. त्यांची हॉस्टेलची खोली आज स्मारक म्हणून जपली आहे. आगरकर आले टेंभूहून, दारिद्र्य बरोबर घेऊन. एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, ही गोष्ट शाळेत सगळ्यांनीच ऐकलेली असते. मला त्या सदऱ्यापेक्षा त्या दोघांच्या रात्री महत्त्वाच्या वाटतात. एक कायद्याचा अभ्यास करतोय, दुसरा एम.ए.चा, आणि वाद कशावर, तर सरकारी नोकरी करायची नाही, मग करायचं काय? त्या वादातूनच पुढचं सगळं आलं. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघालं, त्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर होते, तेही डेक्कनचेच. एम.ए. आटोपून आगरकर येऊन मिळाले. पुढच्या जानेवारीत ‘केसरी’. आणि मग हेच दोघे इतके फाटले, की १८८८ साली आगरकरांनी ‘सुधारक’ काढला. स्मरणिकेत आपण दोघांचे फोटो शेजारी छापतो आणि भांडण गाळतो. तू गाळू नकोस.

तुझ्या वीस नावांत शिकवणारं एकही नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का? टिळकांना गणित शिकवलं केरूनाना छत्र्यांनी. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, असणार कुठून? मुंबई विद्यापीठ १८५७ चं. त्याच्या कितीतरी आधी हे गृहस्थ कुलाब्याच्या वेधशाळेत काम करून गणित-ज्योतिषात मुरले होते. संस्कृतला किलहॉर्न, जर्मन माणूस, पतंजलीच्या महाभाष्याचा संपादक. त्यांच्या मागून रा. गो. भांडारकर. तुझ्या कॉलेजात असं कोण होतं, ते निवृत्त शिपायाला विचार, चालू विभागप्रमुखाला नको.

आणखी एक प्रकार आहे, तो कुठल्याच फलकावर मावत नाही. १९३४ साली सरकारनं डेक्कन कॉलेज बंद केलं. ते परत उघडायला लावलं माजी विद्यार्थ्यांनी, कोर्टात जाऊन. जमशेटजी जीजीभाईंनी ज्या कामासाठी देणगी दिली ते सरकारला असं मोडता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. ते टिकलं. १९३९ साली संस्था पदव्युत्तर आणि संशोधन केंद्र म्हणून पुन्हा सुरू झाली आणि एकाच वर्षी सुमित्र कत्रे, ह. धी. सांकलिया आणि इरावती कर्वे तिथं आले. भाषा, पुरातत्त्व आणि मानवशास्त्र एका आवारात. गुजरातेत लांघणजला उत्खनन झालं त्यात सांकलिया आणि इरावतीबाई दोघेही होते. अशा शेजारातून काय होतं त्याचा हा नमुना. पण कोर्टाच्या पायऱ्या चढणारे ते माजी विद्यार्थी आज कुणाला नावानं आठवतात?

कत्र्यांनी १९४८ साली तिथं संस्कृतचा ऐतिहासिक कोश हाती घेतला. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून चिठ्ठ्या केल्या. एक कोटीच्या घरात भरतील. पहिला खंड १९७६ साली आला आणि काम अजून चालू आहे. एक शब्द, एक उतारा, कुठल्या ग्रंथातला, एवढंच चिठ्ठीवर. लिहिणाऱ्याचं फक्त अक्षर.

तर वीस नावं जमवू नकोस. सात-आठ घे, पण प्रत्येकाला अर्धं पान दे. मोठी झालेली मंडळी स्वतःचा परिचय स्वतः पाठवतात, तो तसाच छापू नकोस. आमदार, उद्योजक, अमेरिकेतले डॉक्टर एका ओळीत आटोपले तरी चालतील. प्राचार्य कुरकुरतील. त्यांना माझं नाव सांग.

रजिस्टरं बहुधा जिन्याखालच्या कपाटात असतील. कसर लागलेली असते, रुमाल घेऊन जा. आणि जुने शेरे मोबाइलवर टिपताना लाल शाई नीट येत नाही, खिडकीच्या उजेडात धर.

तुझा,
काका