जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा एका बाजूचा आवाज मधूनमधून जातो. दुरुस्त करू की नवा घेऊ?

आधी दोष अ‍ॅम्प्लिफायरचाच आहे का, ते बघा. तो बंद करून त्याच्या मागे लावलेल्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा. मुका स्पीकर तोच राहिला तर गडबड स्पीकरमध्ये किंवा वायरीत. दुसरा मुका झाला तर सोर्सकडच्या (सीडी प्लेअर, फोन वगैरेकडून येणाऱ्या) डाव्या-उजव्या केबल्स अदलून बघा. कित्येकदा केबलच गेलेली असते!

अ‍ॅम्प्लिफायरच निघाला, तरी मधूनमधून जाणारा आवाज हे मला चांगलं लक्षण वाटतं. बहुतेकदा स्पीकर रिलेचे (स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या स्विचचे) काँटॅक्ट काळे पडलेले असतात किंवा व्हॉल्यूमच्या नॉबमध्ये धूळ बसलेली असते. नॉब फिरवताना खरखर येते? मग दुरुस्तीवाल्याने नुसता काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारला तरी भागेल. सतत घुमल्यासारखा आवाज येत असेल तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) सुकले असावेत. तेही बदलता येतात. म्हणजे साधा स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर असेल तर दुरुस्तच करा.

एचडीएमआयवाला रिसीव्हर असेल आणि डिजिटल बोर्डच गेला असेल, तर मात्र नाद सोडा. सुटे भाग सहसा मिळत नाहीत.

आणि झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.