जुन्या ऑर्गनला एकच चामडं सगळीकडे चालत नाही

प्रश्न असा आहे की हवेवर चालणाऱ्या जुन्या यांत्रिक ऑर्गनचा भाता, झडपा आणि आतली छोटी पाउचं (हवेने फुगून झडप उचलणारे चामड्याचे पातळ पडदे), या सगळ्यांसाठी जॅकेटचं मऊ चामडं एकदमच घ्यावं का. कृपया घेऊ नका. त्यावर रंगाचा थर असतो, मऊपणासाठी तेलं मुरवलेली असतात. सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचा गोंद, त्यावर नीट धरत नाही आणि चामडं ताणून सैल पडतं.

आधी प्रत्येक जागेचं काम बघा. सगळ्यात अवघड पाउच. नळीतून आलेल्या हवेच्या किंचित दाबाने ते उचललं गेलं पाहिजे, म्हणून जाडी साधारण पाव मिलिमीटरच हवी. इथे केसाळ जातीच्या मेंढीचं कातडं उत्तम. लोकरीच्या मेंढीचं कातडं चरबीमुळे आतून भुसभुशीत असतं, त्याचे पदर सुटतात. तुकडा नळीच्या तोंडावर धरून हवा ओढून बघा, मग उजेडासमोर धरून बारीक भोकं शोधा. लावताना ढोलासारखं ताणू नका, मध्ये थोडा खोलगट झोल ठेवा. ताणलेलं पाउच हलतच नाही आणि मग दोष झडपेवर जातो.

झडपेला हवाबंदपणाइतकाच मऊ स्पर्श लागतो. मखमली बाजू बैठकीकडे, म्हणजे झडप जिथे टेकून हवा बंद करते त्या कडेकडे, यायला हवी, आणि जाडी सगळीकडे सारखी. जुन्या झडपेवर उमटलेला बैठकीचा ठसा मोजून ठेवा, नव्या चामड्याच्या जाडीने झडपेची चाल बदलते.

भात्याच्या घड्या हजारो वेळा दुमडतात. तिथे पाठीच्या भागाचं कातडं कापा. पोटाचा आणि मानेचा भाग असमान ताणतो.

आता कमावण्याचा प्रकार, कारण इथे बरेच जण घाई करतात. झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं हवेतला सल्फर डायऑक्साइड शोषतं, त्याचं आत आम्ल होतं आणि काही दशकांत चामड्याची लाल भुकटी पडू लागते. जुन्या वाद्यांतून निघणारी लालसर पूड बहुधा हीच. क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं या बाबतीत बरंच टिकाऊ असतं. तुरटीचं पांढरं चामडं सुंदर आणि लवचिक, पण पाण्याने तुरटी धुऊन निघते आणि ते कडक होतं, म्हणून सरस लावताना पाणी कमीत कमी. विकणाऱ्याला प्रकार सांगता आला नाही तर छोटा तुकडा उकळत्या पाण्यात टाका: सालीचं चामडं आक्रसून वळतं, चांगलं क्रोमचं जवळजवळ तसंच राहतं.

चिकटवायला गरम सरसच वापरा. पांढरा प्लास्टिकचा गोंद लाकडात मुरतो. पुढच्या वेळी चामडं काढायला गेलात तर लाकडाचे तंतू उपटून निघतात. सरस मात्र वाफेने सुटतो. शंभर वर्षांचं लाकूड पुन्हा मिळणार नाही, चामडं मिळेल.

आणि मूळ कारागिराने चामड्याऐवजी रबराचं कापड लावलं असेल, तर तिथे कापडच ठेवा. प्लेयर पियानोच्या, म्हणजे हवेवर आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या, छोट्या भात्यांत ते नेहमी दिसतं. जुनं काढताना प्रत्येक जागेचा एक नमुना पाकिटात ठेवा, त्यावर जागा आणि जाडी लिहा. खरेदी त्याच्याशी ताडून करा.