ब्लॅकजॅकमध्ये (21 च्या पुढे न जाता डीलरपेक्षा, म्हणजे कॅसिनोच्या वतीने पत्ते वाटणाऱ्यापेक्षा, जास्त बेरीज करायचा पत्त्यांचा खेळ) पत्ते मोजून खरंच जिंकता येतं का? त्यासाठी सगळे पत्ते लक्षात ठेवावे लागतात का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण खरा गैरसमज तिथेच आहे. एकही पत्ता लक्षात ठेवायचा नसतो. डोक्यात फक्त एक आकडा सांभाळायचा असतो. सर्वांत प्रचलित हाय-लो पद्धतीत दुर्री ते छक्की यांपैकी पत्ता दिसला की एक मिळवायचा. दश्शी, गुलाम, राणी, राजा किंवा एक्का दिसला की एक वजा करायचा. सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्यायची. कॅटमध्ये असे लहान पत्ते 20 आणि मोठेही 20, त्यामुळे पूर्ण कॅट उलटून झाला की बेरीज शून्यच यायला हवी. घरी सराव करताना हीच तपासणी.

आता हे चालतं का, तर हो, चालतं. रूलेटमध्ये मागच्या फेरीला काही अर्थ नसतो, पण ब्लॅकजॅकमध्ये वाटून झालेला पत्ता पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही. लहान पत्ते आधीच निघून गेले असतील, तर उरलेल्यांत मोठ्यांची दाटी होते आणि ती खेळणाऱ्याच्या बाजूची असते. ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहाच्या किमतीचा पत्ता, लागायची शक्यता तुम्हाला आणि डीलरला सारखीच, पण तुम्हाला लागला तर दीडपट मिळतात आणि त्याला लागला तर तुमची लावलेली रक्कम तेवढी जाते. शिवाय डीलरला 16 वर पत्ता घ्यावाच लागतो आणि मोठा पत्ता आला की तो 21 च्या पुढे जातो. तुम्ही मात्र 13 वरही थांबू शकता.

बरेच जण एक पायरी गाळतात. कॅसिनोत बहुधा अनेक कॅट एकत्र पिसून वाटतात. बेरीज अधिक 6 आहे, पण सहा कॅट अजून वाटायचे आहेत, तर त्या 6 ला फारसं वजन नाही. दीड कॅटच उरला असेल तर तीच बेरीज फार मोलाची. म्हणून बेरजेला उरलेल्या कॅटच्या संख्येने भागायचं: पहिल्या वेळी 1 येतो, दुसऱ्या वेळी 4. या भागाकारालाच ट्रू काउंट म्हणतात.

पण मोजण्याआधी बेसिक स्ट्रॅटेजी पाठ हवी, म्हणजे कुठल्या हातावर, डीलरचा कुठला पत्ता उघडा असताना काय करायचं, हे. अमेरिकी सैन्यातल्या चार जणांनी साध्या गणनयंत्रांवर हिशेब करून ती 1956 मध्ये प्रसिद्ध केली. पुढे एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने आयबीएम 704 संगणकावर काम करून 1962 च्या पुस्तकात मोजणीचा फायदा सर्वांसमोर मांडला. चांगले नियम असतील तर ही स्ट्रॅटेजी बिनचूक खेळूनही कॅसिनोकडे साधारण अर्ध्या टक्क्याची आघाडी उरते. ट्रू काउंट एकाने वाढला की पारडं सुमारे अर्ध्या टक्क्याने तुमच्याकडे झुकतं. म्हणजे 1 वर बरोबरी, त्यापुढे तुमचा फायदा. तेव्हाच मोठी रक्कम लावायची, एरवी कमीत कमी.

मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून पुढचं जरा आग्रहाने सांगतो. समजा, तुमची आघाडी 1 टक्का आहे आणि दर डावाला तुम्ही सारखीच रक्कम लावता. 100 डावांनंतर अपेक्षित नफा एका डावाच्या रकमेएवढा, पण चढउताराचं प्रमाणित विचलन, म्हणजे निकाल अपेक्षेपासून साधारण किती दूर जाऊ शकतो त्याचं माप, सुमारे 11 डावांच्या रकमेएवढं. 10,000 डावांनंतर अपेक्षित नफा 100 आणि विचलन सुमारे 115. म्हणजे दहा हजार डाव एकही चूक न करता खेळूनही तोट्यात असण्याची शक्यता पाचात एक! प्रत्यक्षात रक्कम कमीजास्त करावी लागते, त्यामुळे हेलकावे आणखी मोठे. मोजणी काही आठवड्यांत जमते. हे हेलकावे सोसण्याएवढं, गेलं तरी चालेल असं भांडवल फार थोड्यांकडे असतं. उसन्या किंवा घरखर्चाच्या पैशाने हे करू नका.

कायद्याचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात डोक्यात मोजणं हा गुन्हा नाही, पण कॅसिनो तुम्हाला खेळू देणं नाकारू शकतो. मोजायला उपकरण वापरलंत तर मात्र गुन्हा. न्यू जर्सीत 1982 मध्ये केन उस्टन या पत्ते मोजणाऱ्या खेळाडूच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, कॅसिनोंना मोजणाऱ्यांना स्वतःहून बाहेर ठेवता येणार नाही, असा निकाल दिला. पण पत्ते लवकर पिसले की मोजणीचा जीवच जातो, आणि तेवढं केलं तरी कॅसिनोचं भागतं.

ऑनलाइन खेळात सॉफ्टवेअर बहुधा दर डावाला नव्याने पिसतं, तिथे मोजण्यासारखं काही नाही. सतत पिसणारं यंत्र लावलेल्या टेबलाचंही तेच. आणि ब्लॅकजॅकला 3 ला 2 (म्हणजे दीडपट) ऐवजी 6 ला 5 (म्हणजे 1.2 पट) देतात असं टेबलावर लिहिलेलं दिसलं, तर बसूच नका. त्या एका फरकाने कॅसिनोची आघाडी सुमारे 1.4 टक्क्यांनी वाढते, म्हणजे ट्रू काउंट जवळजवळ 4 झाला तरी तुम्ही जेमतेम बरोबरीत येता.