ग्रेन-फ्री ड्राय फूड: कुणाला हवं, कुणाला नको

डॉक्टर, आमची ब्राउनी (लॅब्रॅडॉर, वय चार) सारखी पंजे चाटते, कान खाजवते. पेट शॉपवाला म्हणतो, गव्हाची अ‍ॅलर्जी आहे, ग्रेन-फ्री म्हणजे धान्य नसलेलं फूड सुरू करा. पिशवी जवळजवळ दुप्पट महाग आहे. घेऊ का? (ठाणे)

एवढ्यात घेऊ नका. आधी तिच्या शेपटीच्या बुडाशी केस उलटे सारून नीट पाहा. मिरपुडीसारखे काळे कण दिसले तर ते ओल्या टिश्यूपेपरवर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा. मग गव्हाचा काय संबंध? तुमच्याकडच्या दमट हवेत पिसवा, गोचिडी आणि कानातलं यीस्ट हे पहिले संशयित. त्यानंतर धूळ, परागकण. अन्नाच्या अ‍ॅलर्जीचा नंबर बराच मागे लागतो, आणि तीही बहुतेक वेळा प्रथिनांची असते: बीफ, दूध, चिकन. गव्हाची अ‍ॅलर्जी असते, नाही असं नाही, पण ती या तिघांच्या मागे. शिवाय ग्रेन-फ्रीच्या पिशवीतही चिकन असलं, तर तुम्ही नेमकं काय बदललं?

खरंच अन्नाचा संशय असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली निदान आठ आठवडे एलिमिनेशन डाएट करा. म्हणजे तिने आजवर न खाल्लेलं एकच प्रथिन, किंवा हायड्रोलाइज्ड (अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून बारीक तुकडे केलेल्या) प्रथिनांचं फूड. त्या काळात बिस्किट नाही, च्युस्टिक नाही, आणि जेवताना टेबलाखालून सरकवलेला पोळीचा तुकडाही नाही. (हे शेवटचं आजी-आजोबांना पटवणं सगळ्यात अवघड जातं.) खाज थांबली की जुनं अन्न परत द्यायचं. दोनेक आठवड्यांत खाज परतली तरच निदान पक्कं.

आमचा गोल्डन रिट्रीव्हर दोन वर्षांपासून ग्रेन-फ्रीवर आहे. याने हृदयविकार होतो असं ऐकलं. खरं का? (पुणे)

जुलै 2018मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने असं फूड खाणाऱ्या कुत्र्यांच्या हृदयविकाराच्या तक्रारींची चौकशी सुरू केल्याचं जाहीर केलं. आजार होता डायलेटेड कार्डिओमायोपॅथी. यात हृदयाचे कप्पे फुगतात, स्नायू कमकुवत होतो आणि रक्त पुढे ढकलण्याची ताकद घटते. तक्रारींतल्या बऱ्याच फूडमध्ये धान्याऐवजी वाटाणा, मसूर यांसारखी कडधान्यं किंवा बटाटा भरपूर होता. डिसेंबर 2022मध्ये त्या खात्याने नियमित माहिती देणं थांबवलं. आहारामुळेच हा आजार होतो, असं तोवर सिद्ध झालं नव्हतं. पण आहार बदलल्यावर काही कुत्र्यांच्या हृदयात सुधारणा दिसली, हेही तितकंच खरं.

माझ्या मते दोष धान्य काढण्यात कमी आणि त्या जागी जे कोंबलं जातं त्यात जास्त असावा. तुमच्या कुत्र्याला धान्य बंद करण्याचं वैद्यकीय कारण नसेल, तर मी त्याला सावकाश साध्या, धान्य असलेल्या चांगल्या फूडवर आणेन. गोल्डनमध्ये टॉरिनच्या (हृदयाच्या स्नायूला लागणारं अमिनो आम्ल) कमतरतेशी जोडलेला हा आजार आढळतो, म्हणून एकदा टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि जमल्यास रक्तातल्या टॉरिनची तपासणी करून घ्या. मनाने टॉरिनच्या गोळ्या सुरू करू नका. खोकला, थोडं चालून धाप लागणं, पोट फुगणं, चक्कर येऊन पडणं, यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कुत्रा मुळात लांडगाच ना? मग त्याला धान्य पचतं तरी कसं? (नाशिक)

पचतं, आणि छान पचतं. 2013 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उष्ट्यावर वाढलेला प्राणी आहे हा. आणि ग्रेन-फ्री म्हणजे पिष्टमुक्त नव्हे. ड्राय फूडचा दाणा पिष्टाशिवाय नीट फुलत नाही, धरूनही राहत नाही. तांदूळ काढला की बटाटा, टॅपिओका किंवा वाटाणा येतोच.

आम्ही ज्वारीची भाकरी आणि दूध देतो. ते बंद करून ग्रेन-फ्री द्यावं का? (सोलापूर)

भाकरीने बिघडत नाही. बिघडतं ते त्यात प्रथिनं, कॅल्शियम, जस्त पुरेसं नसल्याने. अंडं, चिकन घातलं तरी हिशेब डॉक्टरांकडून लावून घ्या. नाहीतर ‘संपूर्ण व संतुलित’ लिहिलेलं साधं फूड पुरे.

डॉक्टरांनीच ग्रेन-फ्री सुचवलं आहे. बदल कसा करू? (कोल्हापूर)

सात ते दहा दिवस घ्या. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण. शी पातळ झाली तर एक पायरी मागे या. वाटीने मोजू नका, काट्यावर वजन करा, कारण बऱ्याच ग्रेन-फ्री फूडमध्ये उष्मांक जास्त असतात आणि जुन्याच वाटीने कुत्रा गुबगुबीत होतो.

पिशवी उलटून घटकांची यादीही वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. चिकन पहिलं दिसतं, पण खाली वाटाणा, वाटाण्याचं पीठ, वाटाण्याचं प्रथिन असे तीन वेगळे घटक असतील तर त्यांची बेरीज करून पाहा. पावसाळ्यात मोठी पिशवी घेऊ नका. उघडलेली पिशवी तशीच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि कुबट वास आला तर दाणे सरळ फेकून द्या.