मध्यप्रदेशात जन्मलेली मराठी मुलगी कोणत्या राज्याची नागरिक?

आपला प्रश्न असा आहे: घराणे मूळचे साताऱ्याचे, आपला आणि मुलीचा जन्म इंदूरचा, आणि मुलीकडे मध्यप्रदेशचा ‘मूल निवासी’ दाखला आहे, त्यामुळे ती महाराष्ट्राची नागरिक उरली नाही का, आणि दोन्ही राज्यांचे नागरिकत्व ठेवता येईल का? मी इंदूरलाच वकिली करतो. इथल्या मराठी घरांत ही शंका वारंवार निघते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

भारतात राज्याचे नागरिकत्व अस्तित्वातच नाही. अमेरिकेत माणूस देशाचा आणि तो राहतो त्या राज्याचाही नागरिक असतो; आपल्या घटनाकारांनी राज्ये ठेवली, पण नागरिकत्व एकच ठेवले. घटनेच्या अनुच्छेद ५ मध्ये अधिवासाची (म्हणजे कायमचे घर असण्याची) अट आहे ती ‘भारताच्या राज्यक्षेत्रात’ असण्याची, कोणत्याही एका राज्यात असण्याची नव्हे. इंदूरच्या जुन्या कुटुंबांना हे लगेच पटावे. आपल्या आजोबांची पिढी आधी होळकर संस्थानची प्रजा होती, १९४८ मध्ये मध्यभारतात आली, १९५६ मध्ये मध्यप्रदेशात गेली, आणि हे सारे राहते घर न सोडता घडले. भारताचे नागरिकत्व मात्र घटनेने दिले तेच अखंड राहिले.

आपल्या मुलीचे नागरिकत्व १९५५ च्या नागरिकत्व कायद्यावरून ठरते. ३ डिसेंबर २००४ पासून पुढे भारतात जन्मलेल्या मुलाचे आई-वडील दोघेही भारतीय नागरिक असतील, किंवा एक नागरिक असून दुसरा अवैध स्थलांतरित नसेल, तर ते मूल जन्मानेच नागरिक होते. सातारा की इंदूर, हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही.

मग मूल निवासी दाखला कशासाठी? तो केवळ वास्तव्याचा पुरावा आहे, आणि वास्तव्यावरून फरक करण्यास न्यायालयाची मान्यता मिळाली तो खटला आपल्याच गावचा आहे. इथल्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात मध्यभारताबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून वेगळे शुल्क घेतले जाई. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने त्याला आव्हान दिले, आणि १९५५ मध्ये डी. पी. जोशी विरुद्ध मध्यभारत राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले की, अनुच्छेद १५ जन्मस्थानावरून भेदभाव करण्यास मनाई करतो, वास्तव्यावरून नव्हे. मला हा भेद फार महत्त्वाचा वाटतो, कारण ‘जन्म इथला म्हणून हक्क इथला’ असे आपण सर्रास बोलतो आणि कायदा नेमके तेच मान्य करत नाही. पुढे १९८४ च्या प्रदीप जैन निकालात न्यायालयाने देशात अधिवास एकच, भारताचा, असे बजावले. २९ जानेवारी २०२५ रोजी तर वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातील वास्तव्यावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले. एमबीबीएसच्या पातळीवर मात्र काही प्रमाणात अशा जागा ठेवण्यास मुभा आहे. सरकारी नोकरीचा नियम याहून कडक आहे: अनुच्छेद १६ तिथे वास्तव्यावरूनही भेदभाव करू देत नाही, आणि अपवाद करायचाच तर कायदा संसदेनेच करावा लागतो.

म्हणून पुण्यात प्रवेश घेताना मुलीने राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘भारतीय’ एवढेच लिहावे. राज्यासाठी राखीव जागा हवी असेल, तर त्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशपुस्तिकेतील वास्तव्याची आणि शिक्षणाची अट ती पूर्ण करते का, एवढेच तपासावे. आडनाव वा मूळ गाव यांवर त्या अर्जाचे काही अवलंबून नसते. नंतर ती महाराष्ट्रात स्थायिक झाली, तर अनुच्छेद १९ ने तिला तो हक्क आहेच, आणि तिथली वास्तव्याची अट पूर्ण झाल्यावर तिथला दाखला मागता येईल. मात्र कायमचे वास्तव्य एकाच वेळी दोन्हीकडे असल्याचे लिहून देऊन दोन्ही राज्यांच्या सवलती मागू नयेत. ते प्रतिज्ञापत्र खोटे ठरते आणि मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.