ब्रिटिश काळात सोलापूरचे व्यापारी नगरपालिकेच्या राजकारणात का उतरले?

मुख्य कारण असे, की नगरपालिकेचे निर्णय थेट त्यांच्या व्यापारावर परिणाम करत आणि मतदानाचा हक्कही कर भरणाऱ्या व मालमत्ता असणाऱ्या मोजक्या लोकांपुरता होता. मुंबई इलाख्यातील नगरपालिकांचे मोठे उत्पन्न जकातीतून येत असे. त्यामुळे रेल्वे आल्यावर कापूस, धान्य आणि सुताचा व्यवहार वाढलेल्या सोलापुरात जकातीचा दर कोण ठरवतो, हा पेढीवाल्याच्या रोजच्या हिशेबाचा प्रश्न होता. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या स्थानिक स्वराज्याविषयीच्या 1882 च्या ठरावानंतर 1884 च्या कायद्याने इलाख्यातील नगरपालिकांत निवडून येणाऱ्या सभासदांना जागा मिळाल्या, आणि पैसा, ओळखी, हिशेबाचे ज्ञान असलेला व्यापारी या जागांसाठी साहजिकच पुढे आला. त्या काळातील व्यापारी वैभवाची खूण आजही उभी आहे: सोलापूरचे व्यापारी आप्पासाहेब वारद यांनी बांधलेल्या इंद्रभुवन वास्तूतून पुढे सोलापूर महानगरपालिकेचा कारभार चालू लागला, आणि ती वास्तू जपली जाणे मला फार महत्त्वाचे वाटते.

मात्र या व्यापाऱ्यांच्या राजकारणाला निव्वळ स्वार्थ म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण पाणी, रस्ते, दिवाबत्ती यांची निकड संपूर्ण शहराला होती. शिवाय 6 एप्रिल 1930 रोजी, परकीय सत्ता असतानाच, याच नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकवण्यात आला, आणि पुढच्याच महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा लागू झाला.